स्वयंपाकघराची शैली ठरवण्याआधी कपाटं रिकामी करा

तुम्ही विचारलंय ते असं: स्वयंपाकघर लहान, ओटा एल आकाराचा, खालची कपाटं भरलेली आणि उरलेलं सगळं ओट्यावर. मनात तीन शैली घोळताहेत. हँडल नसलेली गुळगुळीत आधुनिक, चौकटीच्या शटरची शेकर, आणि वर उघड्या लाकडी फळ्या. पैसे बेताचे आहेत. तेव्हा आधी शैली ठरवायची की साठवण, आणि कमी खर्चात जागा काढायची तरी कुठून?

गेली २२ वर्षं मी स्वयंपाकघरं आखते आहे. शैली आणि साठवण असे दोन प्रश्न घेऊन लोक येतात, आणि दर वेळी मला तो एकच प्रश्न वाटत आला आहे. रोजच्या किती वस्तू डोळ्यांसमोर राहिलेल्या तुम्हाला चालतात? याचं खरं उत्तर सापडलं की शैली निम्मी ठरते. हँडल नसलेलं सपाट स्वयंपाकघर देखणं दिसतं ते ओटा मोकळा असतो म्हणून. म्हणजे मिक्सर, किटली, तेलाच्या बाटल्या, झारे, चमचे, सगळ्यांना दाराआड जागा हवी. सर्वांत जास्त बंद साठवण मागणारी शैली हीच, आणि म्हणून लहान जागेत सर्वांत महाग पडणारीही. उघड्या फळ्यांना शटर नाही, बिजागरी नाही, लाकूडही कमी लागतं. पण त्यांच्यावरची प्रत्येक वस्तू रोज दिसते आणि रोज तेल-धूळ खाते. शेकर या दोन्हींच्या मध्ये बसते. दारं बंद असतात, पण दारांना स्वतःचं रूप असल्यामुळे ओट्यावर चार वस्तू राहिल्या तरी त्या डोळ्यांवर येत नाहीत.

म्हणून कुठलाही फोटो पुन्हा उघडण्याआधी सुट्टीची एक दुपार काढा आणि कपाटं रिकामी करा. सगळी, सिंकखालचंसुद्धा. जमिनीवर चार ढीग करा: रोज लागणारं, आठवड्यातून एकदोनदा लागणारं, महिन्यातून कधीतरी लागणारं, आणि वर्षभरात हातही न लागलेलं. चौथा ढीग स्वयंपाकघरात परत जाणार नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवा किंवा कुणाला देऊन टाका. या एका दुपारनंतर नवं कपाट करायचा बेत लोकांनी सोडून दिलेला मी अनेकदा पाहिला आहे. उरलेल्या तीन ढिगांची मापं घ्या. सर्वांत उंच बरणी किती, सर्वांत रुंद पातेलं किती, ताटल्यांची चळत किती उंच. हा कागद सुताराकडे जाताना सोबत असू द्या. रोजचा ढीग गुडघ्याच्या वर आणि डोळ्यांच्या खाली, म्हणजे साधारण ६० ते १५० सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसला पाहिजे. जड वस्तू कमरेखाली, हलक्या वर. महिन्याचा ढीग छताजवळ गेला तरी चालेल.

आधी काम मोजायचं आणि मग कपाट आखायचं, ही रीत जुनी आहे. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जागा होती सुमारे १.९ मीटर गुणिले ३.४ मीटर. बाईंनी रेल्वेच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर अभ्यासलं, काम करणाऱ्याची पावलं आणि हालचाली मोजल्या, आणि मग प्रत्येक वस्तूला तिच्या कामाशेजारी जागा दिली. कोरड्या जिन्नसांसाठी नाव लिहिलेले आणि ओतायला चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण, कचरा थेट ओढून बाहेर नेता येईल असा ड्रॉवर, भिंतीला मिटून लागणारी इस्त्रीची फळी. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. मला त्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी की त्या स्वयंपाकघराचं रूप या मोजणीतून आपोआप आलं. वेगळी सजावट करावी लागली नाही.

आता तुमच्या तीन शैलींबद्दल, वापरताना त्या कशा वागतात एवढंच सांगते.

हँडल नसलेल्या रचनेत शटरच्या वरच्या कडेला बोटं घालायला खाच लागते. ॲल्युमिनियमची ती पट्टी ड्रॉवरच्या प्रत्येक ओळीमागे काही सेंटिमीटर उंची खाते. तीन ड्रॉवरच्या कपाटात त्यामुळे एखादी बरण्यांची ओळ कमी बसू शकते, आणि लहान स्वयंपाकघरात हे नुकसान जाणवतं. ढकलल्यावर उघडणारी यंत्रणा ही पळवाट आहे, पण ओला किंवा पिठाचा हात रोज शटरवर पडतो आणि ती यंत्रणा साध्या बिजागरीपेक्षा लवकर कुरकुरते. चकचकीत पृष्ठावर बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे उठून दिसतात. मॅट पृष्ठावर ते कमी दिसतात, पण गडद मॅटवर तेलकट हात पटकन कळतो. मधल्या छटा, म्हणजे राखाडी, मातकट, फिकट लाकडी, सर्वांत क्षमाशील.

शेकर शैली अमेरिकेतल्या शेकर या धार्मिक समुदायाच्या सुतारकामातून आली. त्यांच्यात अलंकरण टाळायचं आणि वस्तू उपयोगी असावी असा दंडक होता. चार पट्ट्यांची चौकट आणि मधे सपाट फळी, एवढीच त्या दाराची रचना. भिंतीभर खुंट्यांची पट्टी लावून खुर्च्यासुद्धा टांगून ठेवायची त्यांची पद्धत होती, आणि ती कल्पना तुमच्या लहान घरात मला शटरपेक्षा जास्त उपयोगाची वाटते. शेकर शटरचा एकच त्रास आहे. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात चिकट मळ बसतो. तळण वारंवार होत असेल तर गॅसशेजारची दोन शटरं सपाट ठेवा आणि बाकीची चौकटीची. रंग एकच ठेवला तर फरक खटकत नाही.

उघड्या फळ्यांचा माझा अनुभव कडू आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबासाठी मी गॅसच्या दोन्ही बाजूंना लांबलचक उघड्या फळ्या केल्या. फोटो सुंदर आले. सहा महिन्यांनी त्या बाईंनी बोलावलं तेव्हा प्रत्येक बरणीवर चिकट थर होता आणि फळी मधोमध लवलेली होती. त्या रोज वीस मिनिटं फळ्या पुसत होत्या. ती चूक सर्वस्वी माझी होती, आणि त्या बाईंची ती वीस मिनिटं मला आजही सलतात. तेव्हापासून दोन नियम मी मोडलेले नाहीत. एक, उघडी फळी चुलीपासून दूर, शक्यतो सिंकच्या बाजूला. दोन, तिच्यावर फक्त रोज वापरून रोज धुतल्या जाणाऱ्या वस्तू: कप, ताटल्या, वाट्या. वापरात असलेल्या वस्तूवर थर साचायला वेळच मिळत नाही.

फळी का लवते हेही समजून घ्या, कारण यात पैसा वाचतो. प्रत्येक सेंटिमीटरवर तितकाच भार असताना फळीची लांबी दुप्पट केली तर ती सोळा पट वाकते. उलट जाडी दुप्पट केली तर वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणून १८ मिलिमीटरच्या प्लायची फळी जड भांड्यांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे आधाराशिवाय नेऊ नये. लांब फळी हवीच असेल तर मधे एक ब्रॅकेट द्या, किंवा पुढच्या कडेखाली चार सेंटिमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रू मारा. ती पट्टी फळीला जाड फळीचं बळ देते आणि खर्च जवळपास काहीच नाही.

आता जागा. माझ्या मते सर्वांत स्वस्त जागा तुमच्याकडे आधीच आहे, आणि तिथे सध्या हवा भरलेली आहे. खालचं एक कपाट धरा, ६० सेंटिमीटर रुंद, ५५ खोल, ७० उंच. आत सुमारे २३० लिटर जागा होते. त्यात मधोमध एकच फळी असते, म्हणजे प्रत्येक कप्पा जवळजवळ ३५ सेंटिमीटर उंचीचा. आणि ठेवता काय? बारा-पंधरा सेंटिमीटर उंचीची पातेली, नाहीतर एकावर एक रचलेली, ज्यातलं तळातलं काढायला वरची चार उचलावी लागतात. इथे आणखी एक फळी टाका. बहुतेक तयार कपाटांच्या बाजूंना ३२ मिलिमीटरच्या अंतराने ५ मिलिमीटरची छिद्रं पाडलेली असतात, त्यात पिना सरकवून फळी हवी त्या उंचीवर बसते. छिद्रं नसतील तर एका पुठ्ठ्यावर आखणी करून ड्रिलने तासाभरात पाडता येतात. नवी फळी पूर्ण खोलीची नको, निम्म्या खोलीची मागच्या बाजूला पुरते. पुढची उंच वस्तू तशीच राहते आणि मागच्या लहान वस्तू पायरीवर बसवल्यासारख्या दिसतात. भाड्याचं घर असेल आणि ड्रिल करायचं नसेल, तर पाय असलेला तारेचा स्टँड तेच काम करतो.

दुसरी वाया जाणारी जागा म्हणजे कपाटाची आतली, मागची खोली. ५५ सेंटिमीटर खोल फळीवर डोळ्याला दिसतो तो पुढचा जेमतेम तिसरा हिस्सा. मागे काय आहे हे विसरल्यामुळे तेच जिन्नस दुसऱ्यांदा विकत आणले जातात. म्हणून खालच्या कपाटांत ड्रॉवर किंवा ट्रॉली मला नेहमी फळीपेक्षा बरी वाटते, आणि बेताच्या पैशांत एखादीच गोष्ट नवी करायची तर मी हीच करेन. सगळी कपाटं बदलायची गरज नाही. गॅस आणि सिंकच्या मधलं एक कपाट ड्रॉवरचं करा, रोजचा ढीग त्यातच बसवा. चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी, पूर्ण उघडणारं घ्या. तीन चतुर्थांश उघडणाऱ्या चॅनेलमध्ये मागचा चौथा हिस्सा पुन्हा अंधारातच राहतो. वजनाची क्षमता चॅनेलवर किंवा खोक्यावर लिहिलेली असते, ती वाचा आणि भरलेल्या ड्रॉवरचं वजन घरच्या काट्यावर अंदाजून पाहा. ताटल्यांची एक चळत वाटते त्यापेक्षा बरीच जड निघते. हेही परवडत नसेल तर फळीवर लांबट ट्रे किंवा कडा असलेली टोपली ठेवा. ती ओढली की मागचं पुढे येतं. गरीब माणसाचा ड्रॉवर म्हणा हवं तर, पण काम चोख करतो.

एल आकारातला कोपरा सर्वांना छळतो. त्यासाठी फिरत्या थाळ्या, सरकत बाहेर येणाऱ्या जाळ्या अशी बरीच यंत्रं मिळतात. ती छान चालतात, पण त्यांच्या किमतीत दोन साधे ड्रॉवर होतात आणि गोल थाळीच्या कोपऱ्यांत जागा वाया जातेच. तुमच्या बजेटमध्ये मी कोपऱ्यावर पैसे घालणार नाही. तिथे महिन्याच्या ढिगातल्या मोठ्या वस्तू ठेवा, दार साधं ठेवा.

भिंत मात्र सोडू नका. ओटा आणि वरचं कपाट यांमध्ये साधारण ५० ते ६० सेंटिमीटरची पट्टी असते. तिथे एक नळीची दांडी आणि एस आकाराचे हूक लावले की झारे, चाळण्या, लहान पातेली ओट्यावरून उठतात. सुऱ्यांसाठी चुंबकाची पट्टी. ज्युलिया चाइल्ड या अमेरिकी पाककलातज्ज्ञ बाईंच्या घरी भिंतीवर छिद्रांचा बोर्ड होता, आणि प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा त्यांच्या पतीने बोर्डवर काढून ठेवली होती, म्हणजे कोणतं भांडं कुठे जातं हे कुणालाही कळावं. ते स्वयंपाकघर बाईंनी २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला दिलं आणि आज ते तिथल्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे. घरात स्वयंपाक करणारे हात दोनपेक्षा जास्त असतील तर ही रेषांची युक्ती जरूर करा. भांडी जागेवर परत जाऊ लागतात, कुणाला सांगावं लागत नाही. फक्त दांडी किंवा बोर्ड थेट आचेच्या वर नको. तिथे पेटू शकणारं तर काहीच नको, आणि गरम पातेल्यावरून हात नेण्याचा धोकाही नको.

तसंच शटरची आतली बाजू. आठ-दहा सेंटिमीटर खोलीची एक जाळी तिथे बसते आणि झाकणं, फॉइलचे रोल, लहान बाटल्या तीत मावतात. आतली फळी तेवढीच मागे कापून घ्यायला विसरू नका, नाहीतर दार बंदच होणार नाही. ट्रे, चॉपिंग बोर्ड, मोठी झाकणं उभी ठेवा. आडव्या चळतीपेक्षा उभ्या फटी कधीही सोयीच्या. आठ सेंटिमीटरच्या अंतरावर पातळ प्लायच्या दोन-तीन पाट्या उभ्या ठोकल्या की झालं. कपाटाखालच्या पट्टीमागेही सपाट ड्रॉवर करता येतो, पण फरशी पाणी ओतून धुतली जात असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

डबे विकत घेण्याची घाई करू नका. मापं घेतल्याशिवाय आणलेले सुंदर डबे शेवटी स्वतःच अडगळ होतात. आणि घ्यायचेच तर चौकोनी घ्या. गोल डबा त्याच्या चौकोनाचा सुमारे ७८ टक्के भागच वापरतो, म्हणजे गोल डब्यांनी भरलेल्या फळीवर पाचवा हिस्सा निव्वळ फटींचा असतो. पारदर्शक असतील तर उत्तम, आणि रिकाम्या झालेल्या एकाच मापाच्या काचेच्या बरण्यांपेक्षा स्वस्त काय असणार.

पैसे कुठे घालायचे याबद्दल माझं मत ठाम आहे: सांगाडा, बिजागरी, चॅनेल. शटरचा थर पाच-सात वर्षांनी बदलता येतो, कपाटाचा फुगलेला तळ बदलणं तितकं सोपं नसतं. सिंकखाली पार्टिकल बोर्ड किंवा साधा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा किंवा तंतू दाबून केलेला बोर्ड, घालू नका. पाणी एकदा शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा मूळ मापावर येत नाही. तिथे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी, मागच्या न दिसणाऱ्या कडेलासुद्धा. शटरसाठी लॅमिनेट मला आजही किमतीच्या मानाने सर्वांत टिकाऊ वाटतं. प्लॅस्टिकची पातळ फॉइल चिकटवलेली शटरं ओव्हनच्या किंवा शेगडीच्या बाजूला उष्णतेने सुटतात, हे मी बऱ्याच ठिकाणी दुरुस्त केलं आहे. वरची कपाटं भिंतीला कशी धरली आहेत हे स्वतः उभं राहून पाहा. पोकळ भिंतीत साधा खिळा भरलेल्या कपाटाचं वजन पेलत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ओटा नव्याने करणार असाल तर आत्ताच सांगते. ओट्याची ठरीव उंची ८५ ते ९० सेंटिमीटरच्या आसपास धरतात, पण ती तुमच्या कोपरावरून ठरवा. सरळ उभं राहून कोपर वाकवा आणि त्याखाली १० ते १५ सेंटिमीटर धरा. ज्युलिया चाइल्ड सहा फूट दोन इंच उंच होत्या आणि त्यांचे ओटे नेहमीच्या ३६ इंचांऐवजी ३८ इंचांवर बसवले होते. दोन इंचांनी काय होतं, असं वाटेल, पण पाठीला ते रोज कळतं.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. सांगाडे ठीक असतील तर तेच ठेवले असते, फक्त सिंकखालचा तळ बदलला असता. गॅस आणि सिंकच्या मधलं कपाट ड्रॉवरचं. त्या दोघांमध्ये कापायला-चिरायला सलग ९० सेंटिमीटर मोकळा ओटा मिळतो का ते आधी पाहिलं असतं, कारण तो नसेल तर कुठलीही शैली सुखाची होत नाही. खालची शटरं सपाट, मध्यम छटेची. वर शेकर, आणि सिंकच्या बाजूला फक्त एक ७० सेंटिमीटरची उघडी फळी, रोजच्या कपांसाठी. फळीची हौसही भागते आणि पुसायला दोन मिनिटं पुरतात. बंद कपाटं करण्याआधी वर्तमानपत्र किंवा पुठ्ठे कापून भिंतीवर चिकटवा, जमिनीवर टेपने ड्रॉवर उघडल्यावर येईल तेवढी रेघ मारा, आणि दोन दिवस तसाच स्वयंपाक करा. फ्रिजचं दार ड्रॉवरला अडतं का, मागून कुणी जाऊ शकतं का, हे कागदावरच्या आराखड्यापेक्षा टेपवर लवकर कळतं. एका माणसाला वावरायला एक मीटर पुरतो, दोघं असतील तर सव्वा मीटरच्या जवळपास हवं.

हँडल शेवटी. जुनी शटरं ठेवून फक्त रंग आणि हँडल बदलूनही स्वयंपाकघर ओळखू येत नाही इतकं पालटतं, आणि सर्वांत कमी पैशांत शैली बदलायची वाट हीच. पण मागवण्याआधी जुन्या हँडलच्या दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ते बहुधा ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर निघेल. त्याच मापाची नवी घेतली तर एकही नवं छिद्र पाडावं लागणार नाही.